मशीनला सावली, माणसाला काय?

आमच्या घरात सध्या भांडण चालू आहे. ताटं आपटण्याइतकं नाही, पण पुतण्या दोन दिवस चहाला आलेला नाही. कारण एक खांब.

तर झालं असं. पुतण्यानं भागीदारीत एक जुनी आरा मशीन घेतली. नवा परवाना मिळवणं किती अवघड आहे ते या धंद्यातल्या लोकांना ठाऊक आहे. ३० ऑक्टोबर २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं केंद्रीय समितीच्या परवानगीवाचून नवी आरा मशीन सुरू करता येईना. २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी ते काम राज्य पातळीवरच्या समितीकडे आलं. जंगल वाचावं म्हणून हे झालं, माझी त्याला मुळीच हरकत नाही. पण त्याचा एक विचित्र परिणाम मी पाहतो आहे. माणसाची सगळी बुद्धी, सगळी धावपळ कागदावर खर्च होते. जागा बदलायच्या परवानगीसाठी पुतण्यानं दोन वर्षं चपला झिजवल्या. आणि शेड? ते फॅब्रिकेटरनं एका वहीच्या पानावर दहा मिनिटांत काढून दिलं. वीस फूट बाय तीस फूट, उंची दहा फूट, तीन बाजूंनी पत्रा, मधोमध एक खांब. मी विचारलं, बाबा रे, हे कांद्याच्या गोदामाचं चित्र आहे की आरा मशीनचं? तर म्हणे, "आबा, मशीनले सावली जोयजे, बस."

या "बस"शी माझं भांडण आहे.

मी आयुष्यभर मुलांना मराठी शिकवली, गणित नाही. पण हे गणित चौथीचं आहे. पट्टा आरा जागेवर उभा असतो आणि ओंडका ट्रॉलीवरून त्याच्यासमोरून जातो. चौदा फुटांचा ओंडका कापायचा तर कापण्याआधी चौदा फूट जागा हवी आणि कापून झाल्यावर पलीकडे पुन्हा चौदा फूट हवी. झाले अठ्ठावीस. तीस फुटांतले उरले दोन. त्यात ट्रॉली ढकलणारा कुठे उभा राहणार, फळी उचलणारा कुठे? पत्र्याला पाठ लावून? म्हणजे लांबीची दोन्ही टोकं उघडी हवीत किंवा शेड चाळीस फुटांचं हवं. आणि तो मधला खांब! ओंडका आत आणून ट्रॉलीवर चढवताना फिरवावा लागतो. मध्ये खांब असला की दोन पोरं तो ओंडका पुन्हा उचलतात, तिरका करतात, खांद्यानं ढकलतात, आणि हे सगळं चालत्या पट्ट्यापासून चार हातांवर. वीस फुटांच्या गाळ्याला लोखंडी कैची नीट केली तर मधल्या खांबाची गरज नसते, हे मिस्त्रीही कबूल करतो. पण खांब टाकला की कैची हलकी होते आणि तीन हजार वाचतात.

तालुक्यातल्या एका गिरणीत काम केलेला माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. मला नमस्कार करताना तो अजून तो हात पाठीमागे घेतो. त्याला मी विचारलं होतं, कसं झालं? म्हणाला, सर, वळायला जागा नव्हती. मशीन बिघडली होती असं तो म्हणाला नाही, मी दारू प्यायलो होतो असंही नाही. वळायला जागा नव्हती.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात यंत्राच्या फिरत्या भागांना आडोसा घालण्याची सक्ती होती. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याला तो कायदा मुळात दहा माणसांपासून लागू होई. आरा मशीनवर माणसं चार. आता ही चार माणसं सांभाळायला शेडच आहे, दुसरं कोणी नाही.

उन्हाचं तर बोलायलाच नको. नंदुरबार जिल्ह्यात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा येतो, की भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली पडत नाही. मुलांना मैदानात नेऊन मी हे दाखवत असे. अशा ठिकाणी दहा फुटांवर उघडा पत्रा आणि तीन बाजू बंद म्हणजे भट्टी. आपली जुनी धाब्याची घरं गार असायची. पण धाबं इथे चालणार नाही, एवढ्या रुंद गाळ्यावर मातीचं वजन कोण पेलणार? पत्र्यावर तुरकाठ्या पसरा असं शेजारचे एक गृहस्थ सुचवून गेले. त्यांना मी हात जोडले. खाली भुसा, वर काड्या आणि बाजूला बिडी ओढणारा हमाल!

करायचं ते साधं आहे. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन अरुंद बाजूंवर येईल. उंची चौदा फूट घ्या. आढ्याला फट ठेवून तिच्यावर लहानसं दुसरं छप्पर घाला, गरम हवा आपोआप वर जाते. पत्र्याला बाहेरून चुना मारा. वळचण चांगली तीन फूट बाहेर काढा. आणि खांब जमिनीत नीट गाडा, तिरके आधार द्या, नाहीतर वळवाच्या पहिल्या वादळात पत्रे शेजारच्या शेतात सापडतील.

भुसा हा तर कुणाला धोका वाटतच नाही. फार तर चुलीला उपयोगी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांत घातली. नाक आणि नाकामागच्या पोकळ्यांचा कर्करोग. तीन बाजूंनी बंद शेडमध्ये ही धूळ जाणार कुठे? आपल्याकडे उन्हाळ्या-पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा. भुशाचा ढीग पूर्वेला ठेवला तर तो माणसांपासून दूर उडेल. पश्चिमेला ठेवला तर डोळ्यांत. पूर्व की पश्चिम, याचे पैसे पडत नाहीत हो! पडते ती फक्त पाच मिनिटं विचार करण्याची तसदी.

पुतण्याची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकतर्फी बोलतो. कर्जाचा हप्ता सुरू झाला आहे. लाकूड म्हणजे शेताच्या बांधावरचा निंब, बाभूळ, कधीमधी परवान्याचा साग. नफा बेताचा. सगळ्यांची शेडं अशीच आहेत आणि सगळ्यांचे धंदे चालतात. हे सगळं खरं आहे. उंची वाढवली की लोखंड वाढतं, हेही खरं. पण पट्ट्याला जरा ताण कमी पडला की हाच मुलगा नंदुरबारहून कारागीर बोलावतो. मशीनखालचा काँक्रीटचा पाया भरताना त्यानं पै कमी केली नाही, कारण मशीन हलली तर फळी वाकडी निघते. फळीसाठी पाया आणि माणसासाठी वहीचं पान, हे मला पटत नाही.

काल सकाळी मी जागेवर गेलो आणि चुन्यानं जमिनीवर शेड आखलं. ट्रॉलीची रेघ, ओंडका फिरायचं वर्तुळ, माणसं उभी राहायची जागा. फॅब्रिकेटरचा माणूस बघत होता. त्यानं चौदा फुटांचा पाइप घेतला आणि वर्तुळात फिरवून पाहिला. खांबाच्या खड्ड्याशी तो अडकला. काही बोलला नाही.

संध्याकाळी त्याच्या मालकाचा फोन आला. मधला खांब काढला तर कैची जड करावी लागेल, खर्च वाढेल. किती वाढेल ते पुतण्याला सांगा, म्हटलं. खड्डा अजून तसाच उघडा आहे.