पानाला लागलेली कीड आणि झाडाची तजवीज

परसातील पपईच्या किंवा लिंबाच्या पानांना भोके पडलेली दिसली, की घरातील मंडळींच्या मनात प्रथम कळवळा उत्पन्न होतो आणि पाठोपाठ औषध फवारण्याचा विचार येतो. झाड जागचे हलू शकत नाही, ओरडू शकत नाही. तेव्हा त्याचे रक्षण आपणच केले पाहिजे, अशी ही भावना असते. जैन परंपरेने वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानले आहे. केवळ स्पर्शनेंद्रिय लाभलेला हा जीव अगदीच निराधार असावा, असे वरवर पाहता वाटते. गेल्या अर्धशतकातील संशोधन मात्र निराळी हकीकत सांगते. कीड पान खाऊ लागली की झाडाला त्याची जाणीव होते आणि ते आपल्या परीने प्रतिकार करते.

या प्रतिकाराचा पहिला प्रकार कायम सज्ज असतो. पपईचे पान खुडताच पांढरा चीक वाहू लागतो. या चिकात पॅपेन नावाचे विकर असते. प्रथिनांचे विघटन करण्याच्या गुणामुळे ते पचनाच्या औषधांतही वापरतात. जपानमधील संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले, की हेच विकर पाने खाणाऱ्या अळ्यांना घातक ठरते. पानाच्या पट्ट्या करून त्यांतील चीक धुऊन टाकला, तेव्हा त्या पानांचा विषारीपणा नाहीसा झाला. अंजिराचा चीकही याच रीतीने त्या झाडाचे रक्षण करतो.

परंतु प्रत्येक शस्त्र सदैव परजून ठेवणे झाडाला परवडत नाही. संरक्षक द्रव्ये तयार करण्यात जे अन्न खर्ची पडते, तेवढे वाढीला आणि फळाला कमी पडते. मागणी नसताना गोदाम भरून भांडवल अडकवणे जसे शहाणपणाचे नसते, तसेच हे. म्हणून दुसरा प्रकार गरजेपुरता असतो. अमेरिकेत १९७२ साली बटाटा आणि टोमॅटो यांच्या रोपांवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की किडीने एक पान कुरतडले की त्या पानातच नव्हे, तर रोपाच्या न दुखावलेल्या पानांतही काही विशिष्ट प्रथिने साठू लागतात. ही प्रथिने किडीच्या पचनक्रियेत अडथळा आणतात. पुढे या घडामोडींमागील एक प्रमुख संदेशवाहकही सापडला, तो म्हणजे जास्मोनिक आम्ल. जाईच्या कुळातील फुलांच्या सुगंधी तेलात आढळलेल्या द्रव्यावरून त्याला हे नाव मिळाले. फळझाडांमध्येही हाच संदेशवाहक काम करतो.

तिसरा प्रकार सर्वांत विस्मयकारक आहे. लाल कोळी ही ठिपक्याएवढी कीड सफरचंदाच्या पानाच्या मागील बाजूस राहून रस शोषते. हिची शिकार करणारे दुसरे सूक्ष्म कोळी असतात; त्यांना भक्षक कोळी म्हणतात. त्यांतील अनेकांना डोळे नसतात. मग पानांच्या एवढ्या पसाऱ्यात त्यांना भक्ष्य कसे सापडते? नेदरलँड्समधील मॉरिस साबेलिस आणि मार्सेल डिके या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात या प्रश्नाचा पाठपुरावा केला. दोन फाटे असलेल्या नळीच्या एका फाट्यातून कीडग्रस्त पानांवरून आलेली हवा सोडली आणि दुसऱ्यातून निरोगी पानांवरची. भक्षक कोळी कीडग्रस्त पानांच्या दिशेने वळले. हा गंध किडीचा नसून मुख्यत्वे पानाचा असतो, असे घेवड्याच्या जातीवरील प्रयोगांतून सिद्ध झाले. सफरचंदाच्या पानांतही तशीच द्रव्ये आढळली. सिला नावाची कीड लागलेली नाशपातीची झाडेही असा गंध सोडून भक्षक ढेकणांना आकर्षित करतात. त्या गंधातील एक द्रव्य मुरगळलेल्या पायाला चोळावयाच्या मलमात असते. त्या मलमाचा उग्र वास सर्वांच्या ओळखीचा आहे.

चेरीचे झाड तर रखवालदारांना वेतनच देते. तिच्या पानाच्या देठाशी मधुरस पाझरणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. या रसासाठी मुंग्या फांद्यांवर फिरतात आणि वाटेत सापडलेल्या लहान अळ्या उचलून नेतात. अमेरिकेतील जंगली काळ्या चेरीवरील १९७८ सालच्या अभ्यासात असे दिसले, की कळ्या फुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच हा रस सर्वाधिक पाझरतो. अळ्या मुंग्यांना पेलण्याइतक्या लहान असतात, तोच हा काळ. कोकणातील काजूच्या झाडालाही अशा मधुग्रंथी असतात आणि तेथेही मुंग्यांची वर्दळ असते.

ही व्यवस्था माणसाच्या घाईने कशी मोडते, याचे उदाहरण सफरचंदाच्याच बागांत घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेतील बागांत डीडीटीची फवारणी सुरू झाली. तोवर लाल कोळी ही दुय्यम कीड होती. डीडीटीने तिचे भक्षक मारले, ती मात्र तगली. आणि पाहता पाहता ती बागायतदारांची मोठी डोकेदुखी होऊन बसली. झाड गंधाने हाक देत होते, पण ओ देण्यास कोणी उरले नव्हते. या अनुभवांतून धडा घेऊन कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ साली एक साधा व्यवहारी नियम मांडला: कीड दिसली म्हणून फवारू नये, तिची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोहोचू लागली, तरच उपाय योजावा. एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा पाया तोच आहे.

हा विषय जैन व्यापारी कुटुंबांना दोन अंगांनी भिडतो. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याची गणना आहे, आणि आज समाजातील काही कुटुंबांची कृषी सेवा केंद्रे आहेत. गृहस्थाला उद्योगी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, हे परंपरेनेही जाणले आहे. परंतु निष्प्रयोजन हिंसा निश्चित टाळता येते. शेतकरी कीड लागलेले पान घेऊन दुकानात आला, तर बाटली काढण्यापूर्वी दोन प्रश्न विचारता येतील: बागेत कीड किती झाडांवर आहे, आणि पानांवर ढालकिड्यांसारखे मित्रकीटक दिसतात काय? उत्तरावरून गरज नसल्याचे ध्यानात आले, तर तसे स्पष्ट सांगावे. शंका असल्यास कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडे पाठवावे. त्या दिवशी एका बाटलीची विक्री बुडेल, परंतु गिऱ्हाईकाचा विश्वास जमेच्या बाजूस राहील.

घरच्या झाडाबाबत यतना आणखी सोपी आहे. पाने मागून-पुढून न्याहाळावीत आणि काही दिवस वाट पाहावी. वाढलेले, निरोगी झाड थोडी पाने गमावूनही फळ देते. कोवळ्या रोपाकडे मात्र अधिक लक्ष पुरवावे. नत्रयुक्त खताचा अतिरेक टाळावा, कारण त्याने फुटणारी लुसलुशीत पालवी माव्यासारख्या किडींना आमंत्रण देते. मुंगीने अळी उचलली, तर तो निसर्गाचा क्रम. तेथे गृहस्थाचे कर्तृत्व नसते. फवाऱ्याचा दांडा मात्र त्याच्याच हाती असतो. त्यातून उडणारे विष अळी, मुंगी आणि मधमाशी यांत भेद करीत नाही. तो विवेक हात उचलण्यापूर्वी माणसालाच करावा लागतो.