भार ज्याचा, भरपाई त्याची

रस्ता कोण झिजवतो, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात झालेल्या चाचण्यांनी दिलेले आहे. आसावरील भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते. सावर्डे-कुडचड्याचे रस्ते खनिजवाहू ट्रकांच्या रांगांखाली कसे उखडले होते हे ज्यांनी पाहिले, त्या गोमंतकीयांना मात्र इलिनॉयची साक्ष काढण्याचे कारण नाही.

स्वित्झर्लंडने या सत्यावरून करपद्धती उभारली. 1998 च्या सप्टेंबरात जनतेचा कौल घेऊन, 1 जानेवारी 2001 पासून साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांवर तेथे किलोमीटरगणिक कर लागू झाला. कापलेले अंतर, अनुज्ञेय वजन आणि धुराचे प्रमाण हे आकारणीचे तीन निकष. वाहनातील यंत्र अंतर नोंदवते. वाटेत नाका नाही, रांग नाही, सुट्या पैशांवरून हुज्जतही नाही. उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग प्रांतांना मिळतो आणि संघराज्याच्या वाट्यातील मोठी रक्कम रेल्वेकडे वळते. 2016 साली खुला झालेला 57 किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा बऱ्याच अंशी याच पैशातून झाला. आल्प्स ओलांडणारे ट्रक 2000 साली चौदा लाखांच्या घरात होते, ते पुढे दहा लाखांच्या खाली आले. साडेसहा लाखांचे कायद्याने ठरविलेले उद्दिष्ट मात्र अद्याप गाठता आलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

या कराबरोबरच स्विस सरकारने ट्रकांची वजनमर्यादा 28 टनांवरून टप्प्याटप्प्याने 40 टनांवर नेली. अधिक वाहून न्या, पण अधिक भरा, असा तो रोखठोक सौदा होता. आपल्याकडे 2018 साली चार चाकांच्या एकेरी आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर गेली. वरच्या हिशेबाने रस्त्याची हानी दीडपटीहून अधिक वाढते. पथकराचा गट मात्र आसांच्या संख्येवर ठरत असल्याने तोच राहिला. वाढीव मालाचे भाडे वाहतूकदाराच्या खिशात आणि खड्डे सर्वांच्या नशिबी, असा हा व्यवहार झाला.

फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग अनिवार्य आहे. त्याने वसुली वेगवान झाली. न्याय्य झाली असे म्हणवत नाही. धावत्या वाहनाचा भार मोजणारे काटे उपलब्ध आहेत. त्यांची नोंद थेट पथकराच्या दराला जोडावी आणि जमा होणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा, ज्या गावांतून हे ट्रक जातात तेथील रस्त्यांसाठी, कायद्यानेच राखून ठेवावा, अशी आमची मागणी आहे.