यादी कोणाची?

26 जानेवारी 2001 रोजी सकाळी, देश प्रजासत्ताकदिन साजरा करीत असताना, कच्छची भूमी हादरली. सरकारी नोंदीनुसार गुजरातेत 13,805 जण मृत्युमुखी पडले. भुज, भचाऊ, अंजार, रापर उद्ध्वस्त झाली. देशभरातून तेथे मदतीचा जो ओघ लोटला, त्याचे वर्णन पुष्कळ झाले. त्या ओघाला दिशा कोण देत होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. ट्रक रस्त्यालगतच्या गावांतच रिकामे होत. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. क्षेत्रफळाने देशात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात आतल्या वस्त्यांपर्यंत कोण पोहोचले, याचे एकत्रित चित्र सुरुवातीस सहज मिळत नव्हते.

मदतकार्यात उतरलेल्या कार्यकर्त्यास हे नवे नाही. एकाच कुटुंबाकडे तीन संस्थांचे सर्वेक्षक येतात, तेच प्रश्न विचारतात आणि घरातील मृतांची नावे त्या माउलीला तीनदा उच्चारावी लागतात. पलीकडच्या वस्तीवर कोणी फिरकतही नाही. येथे भावनेची उणीव नसते. प्रत्येक संस्थेपाशी स्वतःची यादी असते आणि ती यादी हीच तिची मालमत्ता होऊन बसते. देणगीदारांना अहवाल द्यायचा असतो, ‘आमची गावे’ दाखवायची असतात! स्पष्टच बोलायचे तर हा सेवेतील अहंकार आहे आणि त्यापासून कोणतीही संघटना आपोआप मुक्त नसते.

यावरील एक उपाय कच्छनेच दाखविला. 1998च्या कांडला चक्रीवादळानंतर स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ उभारले होते. भूकंपानंतर या अभियानाने गावांच्या समूहांसाठी ‘सेतू’ केंद्रे उघडली. कोणत्या गावास काय हवे ते शासनाला व संस्थांना कळवायचे आणि भरपाईचे नियम, शासकीय निर्णय गावकऱ्यांपर्यंत न्यायचे, असे हे दुहेरी काम होते. पुढे 2003 मध्ये केंद्र सरकारने आपत्कालीन साधनसामग्रीची जिल्हावार संगणकीय नोंद सुरू केली. ती उपयुक्तच, परंतु नौका कोठे आहे हे कळले, तरी ती कोणत्या गावाला हवी आहे, हे कसे कळणार? ते सेतूसारखी व्यवस्थाच सांगू शकते.

मात्र माहिती वाटून घेणे म्हणजे ती उधळणे नव्हे. जानेवारी 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या संगणकप्रणालीत घुसखोरी झाली आणि 5 लाख 15 हजारांहून अधिक लोकांची माहिती परक्यांच्या हाती लागली. त्यांत युद्धामुळे वा आपत्तीमुळे कुटुंबापासून दुरावलेले होते, बेपत्ता होते. संसदेने 2023 साली संमत केलेल्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात आपत्तीतील मदतीसाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. पण या मुभेचा अर्थ अनाथ झालेल्या बालकांची नावे-छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवावीत असा कोणी काढू नये. अशा बालकांवर नजर ठेवून असणारे लोकही मदतीच्या वेषातच येतात.

म्हणून भेद आधीच ठरला पाहिजे. गाव, कुटुंबसंख्या, गरज आणि पोहोचलेली मदत सर्वांसाठी खुली असावी. नावे, दूरध्वनी क्रमांक, आजार आणि निराधार बालकांची माहिती एका उत्तरदायी अधिकाऱ्यापाशीच राहावी. गावाची ओळखही सर्वांनी एकाच शासकीय संकेतांकाने नोंदवावी. एकाच नावाची गावे आपल्याकडे थोडी नाहीत. पावसाळ्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयांत आढावा बैठका होतात. त्यांत स्वयंसेवी संस्थांना बोलावून एकच नमुना-अर्ज निश्चित करण्यास फार तर एक दुपार लागेल. बैठकीचे निमंत्रण आले नाही, तर आपल्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी ते मागून घ्यावे.