पंचाचा डोळा आणि यंत्राचा डोळा

खेळ म्हटला की नियम आले. आणि नियम आले की ते पाळले जातात की नाही हे पाहणारा पंचही आला. नियमांवाचून चाललेल्या धावपळीला लोक दंगा म्हणतात, खेळ म्हणत नाहीत. म्हणूनच, मैदानावर ज्याच्या वाट्याला सर्वांत कमी टाळ्या येतात त्या पंचावाचून कोणताही मोठा सामना पार पडत नाही. खेळाडू चुकला तर प्रेक्षक हळहळतात; पंच चुकला तर ते संतापतात. याचे कारण उघड आहे. खेळाडूची चूक हा खेळाचाच एक भाग असतो. पंचाची चूक मात्र कोणावर तरी अन्याय करून जाते.

हा अन्याय टाळण्यासाठी फुटबॉलच्या पंचाने चित्रफितीचे साहाय्य घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न गेली अनेक वर्षे जगभर चर्चिला जात आहे. माझे मत असे की, हे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु ते कशासाठी घ्यावयाचे आणि कोठे थांबावयाचे, याचा विवेक मात्र सुटू देऊ नये.

प्रथम पंचाचे काम किती अवघड आहे ते पाहू. मोठ्या सामन्यांचे मैदान सामान्यतः १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. त्यावर बावीस खेळाडू सतत धावत असतात. चेंडू कधी जमिनीवरून, तर कधी डोक्यावरून बाणासारखा जातो. दोन्ही बाजूंच्या रेषांवर दोन साहाय्यक पंच असतात हे खरे. पण शिटी एकाच्याच हाती असते. घडलेला प्रसंग त्याला एकदाच, एकाच बाजूने आणि बहुधा धावता धावताच पाहावयास मिळतो. उलट, घरी बसलेल्या प्रेक्षकाला तोच प्रसंग चार बाजूंनी, संथ गतीने आणि हवा तितक्या वेळा पाहता येतो. लक्षावधी लोकांना सत्य दिसावे आणि ज्याने निर्णय द्यावयाचा त्या एकट्यालाच ते दिसू नये, याहून विचित्र स्थिती ती कोणती?

या स्थितीचा फटका आपल्या देशालाही बसला आहे. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत भारत आणि कतार यांचा सामना झाला. लालियानझुआला छांगटे याने केलेल्या गोलामुळे भारत पुढे होता. सामन्याच्या ७३व्या मिनिटाला कतारच्या खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू आपला गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याने अडविला. पण तो त्याच्या हातून निसटून गोलखांबाच्या बाजूने अंतिम रेषेबाहेर गेला. चेंडू बाहेर गेला म्हणून आपले खेळाडू थांबले. इतक्यात कतारच्या एका खेळाडूने तो टाचेने आत ओढला आणि यूसुफ आयमेन याने तो जाळ्यात ढकलला. पंचांनी गोल दिला. भारतीय खेळाडूंनी परोपरीने सांगून पाहिले. पण स्पर्धेच्या त्या फेरीत चित्रफीत पाहण्याची सोयच नव्हती. पुढे कतारने आणखी एक गोल केला आणि भारत १-२ असा हरला. विश्वचषकाकडे जाणारी आपली वाट तेथेच बंद झाली. तो गोल नाकारला गेला असता तर भारत जिंकलाच असता असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. परंतु जिंकण्याची जी संधी खेळाडूंनी घाम गाळून मिळविली होती, ती अशी जावयास नको होती, एवढे तरी खास.

यावर काही जाणते लोक म्हणतात, "चुका आज तुमच्या विरुद्ध होतात, उद्या तुमच्या बाजूने होतील, अखेरीस सर्वांचे पारडे सारखेच होते." हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे, पण तो कसोटीला उतरत नाही. १९६६ साली लंडनमधील वेम्ब्ली मैदानावर इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. जादा वेळेत जेफ हर्स्ट याने मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. पंचांनी आपल्या साहाय्यकाला विचारून गोल दिला आणि इंग्लंडने तो सामना ४-२ असा जिंकला. तो चेंडू संपूर्णपणे रेषेपलीकडे गेला होता काय, हा वाद आजही मिटलेला नाही. पुढे २०१० साली दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे इंग्लंड आणि जर्मनी हेच संघ समोरासमोर आले. इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डने मारलेला चेंडू तसाच दांड्याला लागला आणि या खेपेस रेषेच्या चांगलाच आत पडून बाहेर आला. पंचांनी मात्र गोल दिला नाही. इंग्लंड तो सामना ४-१ असा हरला.

मग झाली का फिटंफाट? मुळीच नाही. लॅम्पार्डचा जन्म १९७८ सालचा. त्याच्या जन्मापूर्वी बारा वर्षे झालेल्या निर्णयाची किंमत त्याने का म्हणून मोजावी? एका अन्यायावर दुसरा अन्याय ठेवला म्हणजे न्याय होत नाही. दोन अन्याय होतात. पुढे जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी इंग्लंडकडे दिलगिरी व्यक्त केली. पण दिलगिरीने धावफलक बदलत नाही.

या घटनेनंतर मात्र विचाराची दिशा पालटली. २०१२ साली गोलरेषेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रांना मान्यता मिळाली आणि २०१४ च्या विश्वचषकात ती वापरली गेली. प्रत्येक गोलाभोवती सात कॅमेरे असतात. चेंडू पूर्णपणे रेषा ओलांडतो न ओलांडतो, तोच एका सेकंदाच्या आत पंचाच्या मनगटावरील घड्याळात इशारा येतो. नंतर २०१८ साली, रशियातील विश्वचषकापूर्वी, 'व्हिडिओ साहाय्यक पंच' ही व्यवस्था फुटबॉलच्या नियमांत समाविष्ट झाली. मैदानापासून दूर एका खोलीत बसलेले हे पंच चित्रफिती तपासतात. पण त्यांनी वाटेल तेथे तोंड घालावयाचे नसते. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि एकाच्या जागी भलत्याच खेळाडूला झालेली शिक्षा, २०१८ च्या नियमानुसार या चारच बाबतींत, आणि तेही चूक ढळढळीत असेल किंवा गंभीर प्रसंग नजरेतून सुटला असेल तरच, त्यांनी मैदानावरील पंचाला सावध करावयाचे होते. अखेरचा निर्णय मैदानावरील पंचाचाच असतो.

आता या व्यवस्थेविरुद्धचे आक्षेप पाहू. कारण दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून बनविलेले मत म्हणजे पाया न घेता बांधलेली भिंत होय.

पहिला आक्षेप असा की, यामुळे पंचाचा मान कमी होतो. मला हे पटत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आपण आजही आदराने घेतो. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची त्यांनी कसून चौकशी केली आणि मगच, समोर सत्ताधारी राघोबादादा असूनही, निर्भयपणे निर्णय दिला. न्यायाधीशाचे तेज पुरावा पाहिल्याने वाढते, कमी होत नाही. शिवाय 'पंच' या शब्दाच्या पोटातच 'पाच' आहेत. 'पाचामुखी परमेश्वर' असे आपले पूर्वज म्हणत, ते एकट्याच्या नजरेला मर्यादा असते हे ओळखूनच. क्रिकेटने तर हा मार्ग फार आधी चोखाळला. १९९२ साली दरबान येथे चित्रफीत पाहून तिसऱ्या पंचाने धावबाद दिलेला पहिला फलंदाज होता मुंबईचा सचिन तेंडुलकर. त्यामुळे ना क्रिकेटच्या पंचांचा मान गेला, ना सचिनचा.

दुसरा आक्षेप असा की, यंत्रही चुकते. हा आक्षेप खरा आहे. २०२० साली बर्मिंगहॅम येथे अॅस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्यात व्हिलाचा गोलरक्षक चेंडूसकट रेषेच्या आत गेला. पण खेळाडूंच्या गर्दीमुळे सातही कॅमेऱ्यांची नजर अडली आणि पंचाच्या घड्याळात इशारा आलाच नाही. सामना ०-० असा सुटला आणि हंगामाच्या अखेरीस व्हिला संघ केवळ एका गुणाने वरच्या श्रेणीत टिकून राहिला. २०२३ साली लंडन येथे टॉटनहॅम आणि लिव्हरपूल यांच्या सामन्यात तर याहून नवल घडले. लिव्हरपूलच्या लुइस दियास याचा गोल मैदानावर ऑफसाइड ठरविला गेला. चित्रफितीत तो ऑफसाइड नसल्याचे दिसत होते. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे, अशा समजुतीने खोलीतील पंचांनी "तपासणी पूर्ण झाली" असे कळविले, आणि योग्य गोल रद्द झाला तो झालाच. यंत्राने सत्य दाखविले होते. माणसांचाच समजुतीचा घोटाळा झाला. यावरून यंत्र टाकून द्यावे असे ठरत नाही. ते वापरणाऱ्याने डोळ्यांइतकेच डोकेही जागे ठेवावे, एवढेच ठरते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. गोल होताच उसळणारा आनंद हा फुटबॉलचा प्राण आहे. आता खेळाडू आणि प्रेक्षक आनंद करावयाचा की थांबावयाचे, या संभ्रमात कित्येक मिनिटे ताटकळतात. आणि मग खेळाडूचे बोट रेषेच्या इंचभर पुढे होते म्हणून गोल रद्द झाल्याचे कळते. येथे विवेक हवा. काही प्रश्न वस्तुस्थितीचे असतात: चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, हात लागला की नाही, चूक या खेळाडूची की त्या. तेथे यंत्राची साक्ष घ्यावी आणि झटपट घ्यावी. काही प्रश्न मात्र तारतम्याचे असतात: धक्का जाणूनबुजून दिला की धावताना लागला? २०१८ च्या अंतिम सामन्यात पंचांनी मैदानाच्या कडेला जाऊन चित्रफीत स्वतः पाहिली आणि चेंडू क्रोएशियाच्या खेळाडूच्या हाताला लागल्याबद्दल फ्रान्सला पेनल्टी दिली. हात लागला होता हे सर्वांनाच दिसले. तो गुन्हा ठरतो काय, याविषयी मात्र चित्रफीत पाहूनही जाणकारांत एकमत झाले नाही. कॅमेरा काय घडले ते दाखवितो. त्याचा अर्थ लावणे हे माणसाचेच काम आहे आणि ते माणसाकडेच राहिले पाहिजे.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. ही यंत्रे महाग आहेत. ज्या सामन्यांवर पैशांचा पाऊस पडतो तेथे न्याय, आणि इतरत्र केवळ नशीब, असे होता कामा नये. म्हणून थोड्या कॅमेऱ्यांत भागेल अशी एक साधी पद्धत २०२४ साली कोलंबियातील वीस वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात वापरून पाहण्यात आली. तीत प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकाला सामन्यात दोन वेळा चित्रफीत पाहण्याची मागणी करता येत होती. अशा स्वस्त उपायांचा प्रसार झाला, तर दोह्यासारखा प्रसंग पुन्हा कोणत्याही देशावर येणार नाही.

तथापि अशी सोय उद्या झाली, तरी कोल्हापुरात पेठापेठांतील तालमींचे संघ खेळतात तेथे, गोव्यातील गावोगावच्या मैदानांवर आणि तुमच्या शाळेच्या पटांगणावर कॅमेरे येण्यास पुष्कळ काळ लागेल. तेथे न्याय कोणी करावयाचा? याचे उत्तर जर्मनीच्या मिरोस्लाव क्लोजे याने २०१२ साली दिले. इटलीत नेपल्स येथे लात्सिओ संघाकडून खेळताना त्याने एक गोल केला. पंचांनी तो दिलाही. पण चेंडू आपल्या हाताला लागून गेला आहे, हे क्लोजेने स्वतः होऊन पंचांना सांगितले. गोल रद्द झाला. पुढे लात्सिओ तो सामना ३-० असा हरला. परंतु प्रतिपक्षाच्या खेळाडूंनी भर मैदानात क्लोजेचे हात हाती घेतले.

पंचाचा डोळा चुकेल, यंत्राचा डोळा झाकला जाईल. पण चेंडू कोणाला लागला हे ज्याला लागला त्याला तरी नक्की ठाऊक असते. मोठ्या मैदानांवर यंत्रे जरूर येवोत आणि पंचाच्या हाताला बळ देवोत. जेथे ती नाहीत तेथे प्रत्येक खेळाडूने पंचाचा साक्षीदार व्हावे. खरे बोलण्याने एखादा सामना हातचा जाईल. पण ज्या संघाचा शब्द पंच निःशंकपणे मानतो, त्या संघाशी खेळण्यात प्रतिपक्षालाही अभिमान वाटेल.