फाटक्या आवाजाची बाजू

‘आवाज फाटतोय’ हे आपल्याकडे तक्रारीचे वाक्य आहे. सभेत, लग्नात, सप्ताहात, कुठेही कर्णा कर्कश झाला की मंडपवाल्याकडे माणूस धाडला जातो आणि आवाज उतरवला जातो. हे वाक्य तांत्रिकदृष्ट्याही अचूक आहे. विजेच्या लहरीला जितके वर चढायचे होते तितके चढू देण्याची ॲम्प्लिफायरची ऐपत संपली, लहरीचे शेंडे छाटले गेले, आणि मूळ आवाजात नसलेले स्वर त्यात उपजले, असा त्याचा अर्थ. परिभाषेने यालाच ‘विरूपण’ असे भारदस्त नाव दिले. ज्याला आपण दोष म्हणून ओळखतो त्या या घटनेवर गेल्या साठ वर्षांत एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला आणि त्याचे स्वतःचे व्याकरण तयार झाले. मराठी समीक्षेने मात्र त्याविषयी ‘गोंगाट’ या शब्दापलीकडे फारसे काही म्हटलेले नाही. आमचे भांडण या शब्दाशी आहे.

आम्ही हे लिहितो ते हिवरा आश्रमाहून. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातले हे गाव विवेकानंद आश्रमामुळे आणि विवेकानंद जन्मोत्सवातल्या महापंगतीमुळे ओळखले जाते. जिथे पंगत शेतभर पसरते तिथे ध्वनिक्षेपकाचे मोल कोणाला शिकवावे लागत नाही. या गावाचा आणि हेवी मेटलचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की संन्यास घेण्यापूर्वीचे नरेंद्रनाथ दत्त हे गायक होते, पखवाजाचे जाणकार होते आणि १८८७ साली निघालेल्या ‘संगीत कल्पतरू’ या बंगाली संग्रहाचे एक संकलक होते. वाद्य आणि आवाज हा चिंतनाचा विषय होऊ शकतो, हे ज्यांच्या नावाने हे गाव ओळखले जाते त्यांना मान्य होते. दुसरी अशी की मोबाइल आणि कानातली बोंडे यांनी मुंबई आणि मेहकर यांच्यातले श्रवणाचे अंतर पुसून टाकले आहे. महाविद्यालयातला जो विद्यार्थी वर्गात आमच्याकडून ‘शैली’ची व्याख्या उतरवून घेतो, तोच एसटीत बसल्यावर हा फाटका आवाज ऐकतो. त्याच्या कानांविषयी आम्हांला काही म्हणायचे नसेल, तर आमच्या व्याख्येची किंमत काय?

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप गोंगाटाचा. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. मोठेपणा हे आवाजाचे परिमाण आहे, विरूपण हा आवाजाचा गुण आहे. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीने खिडक्यांची तावदाने थरथरतात तेव्हा तक्रार मोठेपणाची असते, आणि ती रास्त आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतताक्षेत्र आखण्याची तरतूद केली, याबद्दल आमची काही तक्रार नाही. मुंबईच्या ज्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चे मेळे भरले आणि मराठी मुलखातल्या रॉकला प्रेक्षक मिळाला, ते रंगभवनही अशाच शांतताक्षेत्रामुळे मुके झाले. हळहळ वाटली तरी नियम चुकीचा ठरत नाही. पण मेटलच्या गिटारीचा ‘टोन’ मोठेपणावर अवलंबून नाही. शेंडे छाटण्याचे काम ॲम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यात करून घ्यायचे आणि शेवटच्या टप्प्याचा आवाज हवा तितका खाली ठेवायचा, ही सोय १९७०च्या दशकापासून उपलब्ध आहे. कुजबुजीइतक्या पातळीवरही तो आवाज फाटकाच राहतो, आणि जडही. सुरुवातीच्या ॲम्प्लिफायरांना फाटायचे तर ओरडावे लागे, त्या काळची समजूत आपण आजही उराशी धरून आहोत.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. हे आपले नव्हे, ही नक्कल आहे, असे म्हटले जाते. हार्मोनियमविषयीही असेच म्हटले गेले होते. तिचे पक्के स्वर आपल्या श्रुतींना मारक आहेत, म्हणून १९४० साली आकाशवाणीने ती वर्ज्य केली, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातले एकही भजनी मंडळ पेटीवाचून अडून बसले नाही, कारण पेटी आपली आहे की परकी, याचा निकाल गावाने केव्हाच लावून टाकला होता.

आणि फाटका आवाज आपल्याला खरोखर परका आहे काय? तंबोऱ्याची जवारी आठवावी. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा अशा बेताने घासतो की कंप पावणारी तार तिला निसटता स्पर्श करीत राहावी. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून तो नेमक्या जागी आणतो. तारेच्या मोकळ्या कंपनात अडथळा आणला, की वरच्या स्वरांची झालर उलगडते आणि आपण ‘तंबोरा बोलायला लागला’ असे म्हणतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्या तंबोऱ्याचा जीव आहे तो या घासण्यात. जवारी आणि विरूपण एकच आहेत असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. जवारीत प्रत्येक तार आपापला अडथळा भोगते, तर ॲम्प्लिफायरमध्ये सर्व तारांची बेरीज एकदम छाटली जाते आणि स्वर एकमेकांत मिसळून नवे स्वर प्रसवतात. पण निर्मळ आवाज म्हणजेच सुंदर आवाज, हे सूत्र आपल्या परंपरेचे नव्हे, एवढे या उदाहरणाने निश्चित होते.

या मिसळण्यातूनच मेटलचे व्याकरण निघाले आहे, आणि ते साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावे. या संगीतात गिटारवर पूर्ण स्वरसंघाऐवजी बहुधा षड्ज आणि पंचम अशी जोडीच का वाजते? त्याचे कारण वादकाच्या आळसात शोधू नये. षड्ज-पंचमाचे प्रमाण दोनास तीन. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झची, तिचा पंचम सुमारे १२३चा. ही जोडी फाटक्या ॲम्प्लिफायरमधून गेली की त्यांच्या वजाबाकीचा सुमारे ४१ हर्ट्झचा स्वर जन्मतो, आणि तो बरोबर मूळ षड्जाचा खालच्या सप्तकातला षड्ज असतो. कोणीही न छेडलेला हा स्वर आवाजाला जडपणा देतो. यात गांधार घातला तर? गिटारच्या पडद्यांवरचा गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा किंचित चढा असतो, त्यामुळे त्याच्या वजाबाक्या कोठेच नीट जुळत नाहीत आणि सगळे गढूळ होते. म्हणजे येथे साधनाने रचना घडवली आहे. मर्ढेकरांनी लयतत्त्वाचे संवाद, विरोध आणि समतोल असे नियम सांगितले. विरोधातून संवाद कसा निपजतो याचे याहून उघड उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच विभागांतून येतो. पिकअप, ॲम्प्लिफायर, स्पीकर हा कारागिरीचा तपशील झाला, साहित्यसमीक्षेला त्याचे काय? या प्रश्नामागे आशय आधी आणि आवाज नंतर, आशय हे अन्न आणि शैली हे ताट, असा जुना समज दडलेला आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने काव्याच्या आत्म्याला नाव दिले तेच ‘ध्वनी’, आणि व्यंग्यार्थाचा एक प्रकार समजावताना त्याने घंटेच्या टोल्यानंतर रेंगाळणाऱ्या अनुरणनाचे रूपक वापरले. तो सिद्धान्त आपण परीक्षेपुरता पाठ करतो. अनुरणन म्हणजे प्रत्यक्षात काय, ते कोणत्या धातूतून, कोणत्या जाडीतून आणि किती काळ निघते, हे विचारले की मात्र आपण गप्प होतो.

तर थोडा कारागिरीचा तपशील घेऊच. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उपजते. एकाच वेढ्याचे पिकअप तारेबरोबर आजूबाजूच्या विजेचेही ऐकते. घरगुती वीज ५० हर्ट्झची, म्हणून त्याची गुणगुण गिटारीत शिरते. ट्यूबलाइटच्या चोकाची आणि कच्च्या अर्थिंगची जिथे सवय आहे, तिथे हा त्रास कोणालाही समजेल. १९५५ साली अमेरिकेत गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन उलट वेढे शेजारी ठेवून ही गुणगुण परस्पर मारली. मेटलला हेच ‘हंबकर’ पिकअप लागते, कारण जिथे आवाज शेकडो पटींनी वाढवायचा तिथे गुणगुणही तितकीच वाढते. पुढे ॲम्प्लिफायर, आणि शेवटी स्पीकर. गिटारचा बारा इंची स्पीकर सुमारे ५००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही ऐकवतच नाही, आणि हा अधूपणा त्याचा गुण आहे. तीच फाटकी गिटार कर्णे आणि ट्वीटर असलेल्या सभेच्या ध्वनिक्षेपकाला थेट जोडली तर वरचे सगळे स्वर मोकळे सुटतात आणि मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो. गावातल्या मुलाला वाटते, आपली गिटार स्वस्त म्हणून असे झाले. वास्तविक त्याला गाळणी हवी असते.

येथे आम्हांला दुसऱ्या बाजूशीही भांडायचे आहे. टोन विकत मिळतो, असे मानणाऱ्या भक्तांचा एक पंथ आहे. अमुक ब्रिटिश ॲम्प्लिफायर, तमुक बॅटरीवरचे पिकअप, आणि त्यावाचून सगळे व्यर्थ! या पंथाला त्याच्याच संगीताचा इतिहास ठाऊक नसावा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राखाली गेली. तो डावखुरा, म्हणजे पडदे दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चढवले, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे तारा सैल करून स्वरच खाली उतरवला. ब्लॅक सॅबथच्या १९७१च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत काही गाण्यांत ही उतरण तीन अर्धस्वरांची आहे. मेटलचा जडपणा म्हणून जग जे ओळखते, त्यात एका कामगाराच्या जखमेचा वाटा आहे. हा आवाज दुकानात घडलेला नाही.

आजची स्थिती तर या पंथाला आणखी प्रतिकूल आहे. ॲम्प्लिफायरची हुबेहूब नक्कल करणारी ‘न्यूरल अँप मॉडेलर’सारखी संगणकप्रणाली फुकट मिळते, स्पीकरची गाळणीही फुकट मिळते. उरतो तो विवेक. नवखा वादक गेनची कळ शेवटपर्यंत पिळतो आणि मधले स्वर काढून टाकतो. एकट्याने खोलीत वाजवताना ते भव्य वाटते, पण ढोल आणि बास आले की गिटार नाहीशी होते, कारण गिटारीची जागा मधल्याच पट्ट्यात आहे. गेन वाटते त्याहून कमी, मधले स्वर वाटतात त्याहून जास्त, आणि उजव्या तळव्याने तारा नेमक्या क्षणी दाबण्याची शिस्त, हे या आवाजाचे खरे भांडवल. अतिशयोक्तीने कविता का मरते, हे वर्गात शिकवणाऱ्यांना याहून चांगला दाखला मिळणार नाही.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. कोणता आवाज संगीत आणि कोणता गोंगाट, हा निवाडा कानाने होतो असे आपण समजतो, पण बहुतेक वेळा तो सामाजिक उतरंडीने आधीच करून ठेवलेला असतो. हलगी वाजवण्यापूर्वी जाळावर शेकून तिचे कातडे ताणणारा वादक टोनविषयी कोणत्याही मैफलीच्या कलावंताइतकाच काटेकोर असतो. तरी त्याला वरातीपुढे चालवले गेले आणि मैफलीबाहेर ठेवले गेले, कारण ते वाद्य ज्या जातींच्या हाती होते त्यांनाच गावाबाहेर ठेवले गेले होते. १९७२ साली ‘गोलपिठा’ आला तेव्हा नामदेव ढसाळांच्या भाषेने अभिरुचीच्या कानठळ्या बसल्या. पुढे समीक्षेला कळले, की तेथे भाषा बिघडलेली नव्हती, तिच्यावर तिच्या ऐपतीबाहेरचा दाब पडला होता आणि त्या दाबाने तिच्यात नवे स्वर उपजले होते. ‘गोलपिठ्या’पुरते जे शहाणपण आपल्याला आले, ते आवाजाच्या बाबतीत आपण का विसरावे?

मुंबईत डेमॉनिक रेझरेक्शन २००० साली आणि भयानक मौत २००३ साली सुरू झाले. या पिढीने बहुतांशी इंग्रजीत गायले. मराठी छंद या जडशीळ षड्ज-पंचमावर कसा बसेल, ‘ळ’ आणि ‘ढ’ या वर्णांचे तेथे काय होईल, याचे प्रयोग आमच्या कानी क्वचितच आले. ते करायचे की नाही हे वादकांनी ठरवावे. ते झाले तर ऐकायला, समजून घ्यायला आणि प्रसंगी नापसंत करायला लागणारी परिभाषा घडवणे मात्र आमचे, म्हणजे शिकवणाऱ्यांचे आणि शिकणाऱ्यांचे, काम आहे. नापसंतीलाही कारणे द्यावी लागतात. ‘गोंगाट’ हे कारण नव्हे. तो केवळ ऐकण्यास दिलेला नकार आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला असा नकार शोभत नाही.