पांडूला कोण हसते?

2016 साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली आणि सिंधुदुर्गातील आकेरीचा वाडा महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. प्रल्हाद कुडतरकर यांनी रंगविलेल्या भोळ्या, विसराळू पांडूचे ‘इसारलंय’ हे पालुपद तर मालवणीचा गंध नसलेल्यांच्याही तोंडी बसले. मालिकेतील भुताखेतांमुळे कोकणाची बदनामी होते, असा आक्षेप तेव्हा जिल्ह्यातून घेतला गेला. परंतु पांडूला हसताना आपण नेमके कशाला हसतो, हा प्रश्न किती जणांना पडला?

बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी आपल्या पडद्याने बहुधा तीनच साचे राखून ठेवले आहेत: हसू, आसू आणि चमत्कार. ‘चौकट राजा’तील (1991) दिलीप प्रभावळकरांच्या नंदूने महाराष्ट्राला रडविले. तो अभिनय थोरच. पण प्रेक्षक डोळे पुसून घरी गेला आणि आपण संवेदनशील असल्याचे समाधान घेऊन झोपला. ‘कोई... मिल गया’मधील (2003) रोहितला नायक होण्यासाठी परग्रहावरून आलेल्या पाहुण्याची शक्ती लागली. जसा आहे तसा तो नायकपदाला पुरेसा नव्हता, असाच याचा अर्थ होतो.

मग विनोदावर बंदी हवी काय? मुळीच नव्हे. मालवणी मुलखाला विनोद शिकविण्याची गरज नाही. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळी यांनी गाजविले, तेव्हा मालवणी माणूस स्वतःलाच पोटभर हसला. हसणारा आणि ज्याला हसायचे तो, दोघेही एकाच पंगतीत होते. दिव्यांगाच्या बाबतीत मात्र हसणारे सारे एका बाजूला असतात आणि तो एकटा दुसऱ्या बाजूला. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै 2024 मधील निकालात हाच भेद केला. दिव्यांगत्व समजून घेण्यास मदत करणारा विनोद वेगळा आणि त्याची अवहेलना करणारा वेगळा, असे सांगून दिव्यांगांना चित्रपटनिर्मितीत सहभागी करून घेण्याचा आग्रह न्यायालयाने धरला.

हे अशक्य नाही. महेश लिमये यांच्या ‘येलो’मध्ये (2014) डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका केली. ‘सितारे ज़मीन पर’मध्ये (2025) बौद्धिक दिव्यांग खेळाडूंच्या भूमिका तशाच दहा कलावंतांनी साकारल्या. तेथे प्रेक्षक त्यांना हसत नाही, त्यांच्याबरोबर हसतो.

‘दिव्यांग’ हा शब्द आपण स्वीकारला. पण वाडीत ‘येडो’ ही हाक अजून बंद झालेली नाही. पडद्याने ती हाक खोडावी, गिरवू नये. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हा दोरीला हात लावणाऱ्याला म्हावऱ्याचा वाटा मिळतो. तेथे दया नसते, हक्क असतो. कथेतील तसाच वाटा पांडूला देण्याचे औदार्य नव्हे, न्यायबुद्धी आपल्या लेखक-दिग्दर्शकांनी दाखविली पाहिजे. आणि ती मागण्याची जबाबदारी प्रेक्षकांची आहे.