गीझर ‘डायरेक्ट’ करून देणे ही दुरुस्ती नव्हे

ऊर्जानगर ही वीज तयार करणाऱ्यांची वसाहत. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला आणि आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तेथील बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याची सरकारी तपासणी होते. त्यासाठीचा कायदा १९२३ पासून होता. २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. मात्र याच वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये, न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेल्या पंधरा लिटरच्या गीझरची तपासणी कोण करतो? आपलाच मिस्त्री. म्हणून हा विषय आपल्या कारागीर बांधवांपुढे मांडतो आहे.

हिवाळा लागला की दुकानावर तीच तक्रार येते. ‘पाणी तापत नाही.’ मिस्त्री जातो, झाकण उघडतो, थर्मोस्टॅटच्या दोन्ही वायरी एकत्र पिळतो आणि टेप गुंडाळतो. पाणी तापते, गिऱ्हाईक खूश होते. याला आपल्या धंद्यात ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. माझ्या मते या शब्दावरच बंदी यायला हवी. कित्येकदा याच वेळी कट-आऊटही वगळला जातो. मग पाणी किती तापले हे पाहणारे गीझरमध्ये काहीच उरत नाही. उरतो तो सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि तो ठिबकतो म्हणून त्यालाही कुणीतरी बूच मारून ठेवलेले असते! पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. ती टाकीतून कशी बाहेर पडेल, हे वेगळे सांगायला नको.

बरे, मूळ दोष पुष्कळदा थर्मोस्टॅटचा नसतोच. आधीच्या कारागिराने एलिमेंट बदलताना जोडणी चुकवलेली असते. बदली झाली की क्वार्टर सुटतो, गीझर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जातो आणि घाईत फेज-न्यूट्रल उलटे लागतात. अशा वेळी थर्मोस्टॅट तुटतो खरा, पण तो न्यूट्रल तोडतो. एलिमेंटवर फेज तशीच राहते. क्षाराने एलिमेंट चिरले असेल तर नळाला हात लावणाऱ्याला झटका बसतो. हे ओळखणे सोपे आहे. थर्मोस्टॅट तुटलेला असताना एलिमेंटच्या टोकांना टेस्टर लावावा. जोडणी बरोबर असेल तर तो पेटत नाही. उलटी असेल तर दोन्ही टोकांवर पेटतो.

दुसरी चूक याहून वाईट, ती म्हणजे थ्री-पिन टॉपमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगची अदलाबदल. घरात ईएलसीबी असेल तर ती लगेच पडते. मग ‘ईएलसीबी खराब आहे’ असे सांगून तीच काढून टाकणारे महाभाग आहेत. जिने चूक दाखवली तिलाच घराबाहेर काढण्यासारखे हे झाले.

भाग बदलण्याआधी पुरवठा बंद करून वायरी सोडवाव्यात आणि मल्टिमीटर लावावा. दोन हजार वॉटचे एलिमेंट सुमारे २६ ओहम दाखवते. थंड थर्मोस्टॅटमधून आणि कट-आऊटमधून वाट मोकळी मिळाली पाहिजे. एलिमेंटचे टोक आणि बॉडी यांच्यात वाट मिळता कामा नये. येथे मेगर असेल तर उत्तम. शेवटची वायर ज्याने जोडली, तेथून शोध सुरू करावा. जोडणी झाल्यावर घड्याळ लावून बसावे. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ वर जायला साधारण एकवीस मिनिटे लागतात. चाळीस मिनिटांनीही हीटिंगचा दिवा विझला नाही, तर पैसे घेऊन निघू नये.

‘एवढा वेळ देणे परवडत नाही,’ असे मिस्त्री म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदी खोटे नाही. गिऱ्हाईक भागाचे पैसे देते, तपासणीचे देत नाही. दोष वायरीत असला तरी मग एलिमेंट विकावे लागते, आणि तो खोटा धंदा होतो. यावर उपाय आपल्याच हातात आहे. दुर्गापूर-ऊर्जानगर भागातील दुकानदारांनी एकत्र बसून तपासणीची वेगळी फी ठरवावी आणि ती फलकावर लिहावी. दोष सापडला नाही तरी ती घ्यावी. त्यात संकोच कसला? डॉक्टर औषध न देताही फी घेतातच. बिलावर ‘फेज-न्यूट्रल व अर्थिंग तपासले’ असे लिहून सही करावी. सुट्या भागांचे व्यापारीही यातून सुटत नाहीत. स्वस्तातला, आयएसआय चिन्ह नसलेला थर्मोस्टॅट काउंटरवर ठेवणारा आणि तो बसवणारा, दोघेही सारखेच.

वजूसाठी मशिदीत बसवलेल्या मोठ्या गीझरपासून ही सुरुवात करता येईल. तेथे पहाटे अंधारात, ओल्या फरशीवर उभे राहून म्हातारी माणसे नळाला हात लावतात. थंडी वाढण्याआधी एका रविवारी चार मिस्त्र्यांनी मल्टिमीटर घेऊन जावे आणि तेथील जोडण्या पाहून घ्याव्यात.